इलोन्काचं बारसं

पाच चिठ्ठ्यांत सहावी टाकली तर देवीचं काय बिघडतं, असं नीलांबरीला वाटलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

लग्नानंतर आठव्या वर्षी, एकाहत्तर सालच्या माघात, तिला मुलगी झाली होती. त्या आठ वर्षांत तिनं सोळा सोमवार केले, एकवीस चतुर्थ्या केल्या, वर्षभर अळणी गुरुवार धरले (त्या दिवशी यजमानही अळणीच जेवत, कारण मिठाची बरणी ती फळीवर मागे सरकवून ठेवी), आणि शेवटी कोल्हारच्या भगवतीला बोलली, "मूल दे. त्याचं नावही तूच ठेव. तुझ्यापुढं चिठ्ठ्या टाकीन, हाताला येईल ती माझ्या माथ्यावर."

चिठ्ठ्या पाच होत्या. भगवती, रेणुका, अंबिका, शारदा, भवानी. कुठलीही आली तरी घरात देवीच येणार. नवस कसा बोलावा हे नीलांबरीकडून शिकावं.

तिचे यजमान यज्ञेश्वरराव राहात्याला पोस्टात कारकून. त्यांना जगभरची तिकिटं जमवायचा नाद. हंगेरीतल्या कुणा कोवाच नावाच्या गृहस्थांशी त्यांची इंग्रजीतून तिकिटांची देवघेव चाले. तिकिटांबरोबर ते नावंही जमवत. तामारा, युकिको, फातुमा, अशी एक वहीच भरली होती. सव्वा महिन्यानं नीलांबरी देवीला निघाली तेव्हा ते म्हणाले,

"अगं, एक माझीही टाक की. इलोन्का. कोवाचांच्या आईचं नाव. पंचक्रोशीत दुसरी सापडायची नाही."

"अर्थ काय त्याचा?"

"असेल काहीतरी. एवढा मोठा देश बिनअर्थाची नावं ठेवील का?"

नीलांबरी हसली. पाचांपुढं एक, आणि देवी आपली. तिनं चिठ्ठी घेतली.

तिच्या चिठ्ठ्या जुन्या पंचांगाच्या मऊ पानांच्या होत्या, यज्ञेश्वररावांची पोस्टकार्डाच्या ताठ तुकड्याची. देवीपुढं तिनं डोळे मिटून परडीत हात घातला आणि बोटांना ताठ कागद लागला. "आई, पुन्हा एकदा बघ ना नीट," ती मनात म्हणाली. पण नवसात पुन्हा नसतं.

बारशाला यज्ञेश्वररावांची थोरली बहीण पुष्पावती नगरहून आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. आत्याबाईंनी नाव ऐकलं आणि पाळण्याजवळून उठून पाटावर जाऊन बसल्या.

"अर्थ सांगा, मग कानात सांगते."

"वन्सं, देवीनं दिलंय," नीलांबरी म्हणाली.

"देवीनं चिठ्ठी दिली. अर्थ कुठं दिलाय? आत्यानं सांगितलेलं जन्माला चिकटतं बाई. उद्या त्याचा अर्थ 'करपलेली' निघाला, तर पोरगी मला विचारील."

"ताई, तिकडं घरोघर असतं हे नाव," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"तू गप्प बस यज्ञा. तुझी बायको आठ वर्षं उपाशी राहिली ती काय तुझ्या तिकिटांसाठी?"

शेजारची साळूबाई घुगऱ्यांसाठी पदर पसरून बसली होती. तिनं मध्यस्थी केली. "आवो ताई, साळू म्हंजे काटं असलेलं जनावर. माज्या आत्यानं कुटं इचार केल्ता? झालंच की माजं बरं. काय वाईट हाय माज्यात?"

साळूबाईची जीभ सगळ्या आळीला ठाऊक. हा दाखला ऐकून आत्याबाई आणखीच घट्ट बसल्या.

घुगऱ्या बिननावाच्याच वाटल्या गेल्या. त्याच संध्याकाळी हंगेरीला पत्र गेलं: इलोन्काचा अर्थ त्वरित कळवावा, बारसं खोळंबलं आहे.

आता दुसरं नाव ठेवावं तर नवस मोडतो, आणि हे ठेवावं तर आत्या कानाला लागत नाही. दुसरं कुणी असतं तर धास्तावलं असतं. नीलांबरी रोज तिन्हीसांजेला दोन वाती लावायची. एक भगवतीला, आणि एक हंगेरीत जी कुणी देवी असेल तिला. पत्र येणार, चांगलंच येणार, याबद्दल तिला शंका नव्हती. आत्याबाई अर्थ आल्याशिवाय हलणार नव्हत्या, याबद्दल यज्ञेश्वररावांनाही नव्हती. (त्यांच्या तिकिटांच्या वह्या कॉटखाली गेल्या होत्या आणि कॉटवर आत्याबाई.)

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. यज्ञेश्वररावांनी उंबऱ्यातच उभं राहून मराठी करून सांगितलं:

"आपल्या प्रश्नावरून घरात वाद झाला. मी म्हणतो, अर्थ 'उजेड'. आमचे मास्तर म्हणतात, अर्थ कुणालाच माहीत नाही. आई मात्र चौऱ्याण्णव वर्षं जगली. दात शाबूत होते, आणि शेवटच्या दिवसापर्यंत घरातलं एकही माणूस तिच्या शब्दाबाहेर गेलं नाही."

आत्याबाईंचा चेहरा उजळला. "हा अर्थ झाला," त्या म्हणाल्या. "घाला गं घुगऱ्या भिजत."

दुसऱ्या दिवशी इलोन्का पाळण्यात पडली. आत्यानं कानात नाव सांगितलं, तेही तीनदा. नीलांबरीनं कोल्हारच्या दिशेला हात जोडले, आणि मग थोडेसे, अंदाजानं, हंगेरीच्या दिशेला.

पत्राचं दुसरं पान वाचायला सवड मिळाली ती दुपारी. "मलाही नात झाली आहे. तिला भारतीय नाव द्यावं असं सर्वांच्या मनात आलं. आपल्या पत्त्यातला एक शब्द फार गोड लागला, तोच ठरवला आहे. तालुका. पण माझी थोरली बहीण अर्थ कळल्याशिवाय ऐकत नाही. त्वरित कळवावा."

यज्ञेश्वरराव सरकारी माणूस. त्यांनी लगेच लिहायला घेतलं: महसुलासाठी पाडलेला जिल्ह्याचा भाग, जिथं मामलेदार बसतो.

"अहो, तान्ह्या मुलीवर मामलेदार काय बसवताय?" नीलांबरी कळवळली.

"मग काय लिहू? खोटं लिहू?"

"खोटं कशाला? लिहा, शंभर गावांना एका पदराखाली घेणारी."

यज्ञेश्वररावांनी बराच वेळ त्यात खोटं शोधलं. सापडेना. तेव्हा त्यांनी तसं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

पाळण्याची दोरी आत्याबाईंच्या हातात थांबली.

"शंभर गावांना पदराखाली घेणारी," त्या हळूच म्हणाल्या. "अगं नीलांबरी, असलं अर्थाचं नाव घरच्या पत्त्यात पडलं होतं, आणि तुम्ही हंगेरीला गेलात होय?"