कोटावरून घेतलेलं माप

'मी आहे ना!' असं मी म्हटलं की बायको हातातली कात्री खाली ठेवून धावत येते. (ती शिवणकाम करते, मी पाणीपुरवठा खात्यात कारकून.) त्या रविवारी सासरवाडीला ती आतल्या खोलीत पडदे शिवत होती, मशीनच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही आणि घोटाळा झाला.

सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यांवर पट्टी, मेंढवाड्याच्या धुळीत जायला बंदी. आणि दारात व्यापाऱ्याचा टेम्पो! चार तरुण मेंढे होते. एक पैदाशीला ठेवायचा, तीन विकायचे. पुढच्या चार वर्षांची कोकरं त्या एकाच्या वळणावर जाणार.

"आता निवडणार कोण?" सासरे हळहळले.

"मी आहे ना! उंची, लांबी, छातीचा घेर. आकडे कधी खोटं बोलत नाहीत, बाबा."

बायकोची टेप उचलली आणि मेंढवाड्यात शिरलो. पहिला मेंढा माझ्या पायावर उभा राहिला. दुसऱ्यानं आकड्यांचा कागद खाल्ला. तरी मी हटलो नाही. तिघांचे घेर तेहेतीस, चौतीस, पस्तीस. चौथ्याचा? एकोणचाळीस!

(तिघांची लोकर गेल्या आठवड्यात कातरली होती. चौथा कातरणाऱ्यालाच ढुशी देऊन पळाला होता. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट माझ्या डोक्यात वेळेवर येईल तर शपथ!)

"एकोणचाळीस? नीट मोजलंत ना?"

"दोनदा!"

"मग तोच ठेवा." सासऱ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून निभावलं, जावईबापू."

मी फुललो. तिघे टेम्पोत चढले. तेवढ्यात बायको बाहेर आली. टेप अजून चौथ्याच्या छातीभोवतीच होती.

"अहो, माझी टेप कुठंय?... हे काय, याची छाती लोकरीवरून मोजलीत?"

"मग कशावरून मोजायची?"

तिनं लोकर बाजूला सारली, टेप थेट कातडीला लावून आवळली. "एकतीस! कोटावरून कुणी छातीचं माप घेतं का हो?"

बाकी तिघांचे आकडे तिला सांगताना माझं तोंड चिमणीएवढं झालं. टेम्पो सुरूही झाला होता. बायको टेप हातात घेऊन धावली आणि थेट टेम्पोसमोर उभी राहिली.

"पस्तीसवाला उतरवा, हा घ्या."

"सौदा झालाय, ताई."

"हा एकतीसचाच आहे, फसवत नाही. वर तुमच्या घरचे पडदे शिवून देते."

व्यापाऱ्यानं फळी खाली सोडली. पस्तीसवाला ऐटीत उतरला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. बायकोच्या तर पडलोच असतो, पण शेजारी बघत होते.

खरी कमाल पुढेच. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, यांनी पुन्हा मोजलं हं. यांच्याच लक्षात आलं. पस्तीसवाला ठेवलाय."

माझे डोळे भरून आले. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, खरंच सांगतो.

सासरे गालातल्या गालात हसले. "पोरी, पट्टी डोळ्यांवर आहे, कानांवर नाही."

मी खाली मान घातली. त्यांनी चाचपत माझा खांदा शोधला आणि मायेनं थोपटला.

"मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. तुम्हाला पसंत केलं तेव्हा मीसुद्धा लोकरच मोजली होती."