नियोजनवाला

कोल्हापूरच्या आसपासची गावं शहर बसनं कशी जोडावीत, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी त्या काळी उघड म्हणत असे. आजही म्हणतो, फक्त घरात म्हणत नाही.

शहर बसच्या कचेरीत माझ्या टेबलामागं जिल्ह्याचा भलामोठा नकाशा टांगलेला होता. दुसऱ्यांना त्यात नद्या दिसायच्या, डोंगर दिसायचे. मला नुसते थांबे दिसायचे! बिद्रीकडं कारखान्याच्या पाळीला धरून एक गाडी, गगनबावड्याच्या रस्त्याला पहाटे दूधवाल्यांसाठी एक, कॉलेजच्या पोरांसाठी एक. शहर वाढायच्या आधी गाड्या वाढल्या पाहिजेत, हा माझा सिद्धांत. कचेरीत कुणी मोठा पाहुणा आला की आमचे साहेब हंबीरराव मला बोलावून घ्यायचे आणि सांगायचे, "हे आमचे वसंतराव, नियोजन विभाग." विभागात मी एकटाच होतो, पण ते कुणी विचारत नसे.

सगळं झकास चाललं होतं. आणीबाणीसुद्धा आमच्या कचेरीला फारशी जाणवली नव्हती. लोक वेळेवर यायला लागले होते, एवढंच. आणि एके दिवशी हुकूम आला. दोन किंवा जास्त मुलं असलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यानं नसबंदी करून घ्यावी, नाहीतर पगार थांबेल. सोय म्हणून बुधवारी कचेरीच्या आवारातच कॅम्प लागणार होता.

मला मुलं दोन.

खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली. मी न्हाव्याकडं दाढीला बसलो तरी वस्तरा गळ्याजवळ आला की डोळे मिटतो. पोराला देवीची लस टोचताना घेरी मला आली होती. आणि इथं तर प्रकरण गळ्याच्या बरंच खाली होतं! माझी झोप उडाली, जेवण जाईना. पद्मजानं, म्हणजे आमच्या हिनं, दोनदा विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, "कामाचा ताण आहे." मिशा ठेवणाऱ्या माणसानं बायकोला काय सांगावं, की मी कात्रीला भितो?

साहेबांनी तर सगळ्यांना गोळा करून छोट्या कुटुंबावर भाषण दिलं. त्यांना स्वतःला चार मुलं. भाषण देताना त्यांनी कागद दोनदा उलटा धरला, पण ते मी देशप्रेमाच्या खात्यावर टाकलं.

मंगळवारी मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. "साहेब, आंबेवडच्या मार्गाची पाहणी राहिलीय. पुढच्या आठवड्यात ट्रायल बस सोडायची, तर प्रवासी किती मिळतील ते बघायला हवं. उद्याच जाऊन येतो."

"उद्याच?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग का कोण जाणे, त्यांनी त्या गावाचा रस्ता कुठून जातो ते मला नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, "जा."

बुधवारी सकाळी फाट्यावर एस.टी.तून उतरलो तेव्हा मला शिट्टी वाजवावीशी वाटत होती. खांद्याला खाकी पिशवी, अंगात पांढराशुभ्र शर्ट. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस. गावात शिरताच पहिल्याच घराच्या कट्ट्यावर धोंडुबाई नावाची म्हातारी सुपात जोंधळे पाखडत बसली होती.

"मावशी, घरात पुरुष माणसं किती?"

"चार हाईत. का वं?"

"आणि मुलं किती? बारा वर्षांखालची वेगळी सांगा. लहानांचं आम्ही अर्धंच करतो."

म्हातारीचा हात थांबला. "आन् मोठ्यांचं?"

"मोठ्यांचं पूर्ण. सरकारी नियमच आहे तो."

"तुमी हायसा तरी कोन, पावणं?"

मी छाती काढून म्हणालो, "मी नियोजनवाला. कोल्हापूरहून आलोय."

सूप खाली पडलं. त्या वयाची बाई एवढ्या जोरात ओरडू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. "गुंडू, पळ रं! नियोजनवाला आला! पोरांचं अर्धं करतोय!"

पुढचं सगळं चहा निवायच्या आत झालं. धडाधड दारं उघडली, माणसं बाहेर पडली आणि उसात शिरली. एकजण तर तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत धावत गेला. बघता बघता चावडीसमोर मी आणि एक म्हैस, दोघंच उरलो. मला वाटलं, गावात वाघ शिरला. म्हणून मीही भिऊन म्हशीच्या आडोशाला गेलो.

मग पाठीमागून कुणीतरी माझी मानगूट धरली. वळायची सोय नव्हती, पण पंजावरून पैलवान असणार हे कळलं. तो सयाजी. त्याच्या मागं पाच-सहाजण होते, आणि प्रत्येकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता.

"पिशवी वता," सयाजी म्हणाला.

पिशवी ओतली. आधी मोजपट्टी पडली.

"ह्येनं काय मापतोस?"

"रुंदी," मी खरं तेच सांगितलं. रस्त्याची, असं म्हणायच्या आत त्यानं पिशवी पुन्हा झटकली.

मग नकाशावर अंतर मोजायचं माझं कर्कटक पडलं. दोन पाय, दोन्हींना टोकं, उन्हात लखलखणारं. सगळेजण एक पाऊल मागं सरले.

"ह्येच की त्ये," गुंडू हळूच म्हणाला. त्याच्या तोंडावरचा साबण आता वाळला होता.

"बांधा ह्येला," सयाजी म्हणाला. "आन् आदी ह्येचंच करा. मोठा हाय, पूर्ण करा."

त्या क्षणी मला पद्मजा आठवली, पोरं आठवली आणि मी सरळ गुडघे टेकले. "अहो, मी बसचा माणूस आहे! तिकिटाचं अर्धं आणि पूर्ण! मलाच दोन पोरं आहेत, मीच त्या कॅम्पला भिऊन इकडं पळून आलोय!"

कोयते थांबले. सयाजीनं मला उभं करून तोंडाकडं निरखून बघितलं. भीतीची नक्कल करता येते, पण माझ्या कपाळावरचा घाम अस्सल होता.

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" तो म्हणाला, आणि त्यानं माझ्या शर्टावरची धूळ झटकली. "भिऊ नगासा. आमीबी नसबंदीच्या पथकाच्या भ्यानं पंद्रा दीस उसातच निजतोय. च्या घेनार?"

चहा घेताना मी पुन्हा कामाचं काढलं. म्हटलं, गावाला बस आली तर किती सोय होईल. सयाजीनं मान हलवली. "नगं. रस्त्यानं नुसती बस येत न्हाई, पावणं. तिच्या मागनं सरकारबी येतंय."

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात फाट्याकडून मोटारीचा आवाज आला. धुळीचा लोट उठला. गाडी मोठी होती आणि ठासून भरलेली होती, खिडक्यांतून नुसती डोकी. "पथक!" कुणीतरी म्हणालं. यावेळी उसात सगळ्यात पुढं मी होतो.

उसाचा पाला तोंड सपासप कापत होता. आम्ही आत आत सरकून उकिडवे बसलो. बाहेर गाडी थांबली, धपाधप उड्या पडल्या आणि पावलं थेट आमच्याच दिशेनं धावत आली. सयाजीसारखा पैलवान, पण त्यानं माझा हात घट्ट धरला. पाचट कुरकुरलं, ऊस बाजूला झाला आणि समोर रांगत आले, आमचे हंबीरराव साहेब!

"साहेब, तुम्ही?"

"हळू बोला," साहेब धापा टाकत म्हणाले. त्यांचा चष्मा एकाच कानावर होता. "डॉक्टर आले. टेबल मांडलं. मी म्हटलं, ट्रायल बस आत्ताच्या आत्ता निघणार. तर सगळी कचेरीच चढली की हो आत! लेखापाल, भांडारपाल, सगळे."

"मग इथं उसात का?"

"तुम्हीच पळताना दिसलात! आम्हाला वाटलं, पथक इथंही पोचलं."

बाहेर फक्त ड्रायव्हर पिराजी राहिला. त्याचं लग्न व्हायचं होतं. बसच्या पायरीवर बसून तो निवांत ऊस सोलत होता.

उन्हं कलेपर्यंत सगळी कचेरी आणि अर्धं गाव त्या फडात मांडीला मांडी लावून बसलं होतं. परतल्यावर साहेबांनी वर कळवलं, की आंबेवड मार्गावर प्रवाशांची झुंबड उडाली आणि बसायला जागा उरली नाही. मार्ग मंजूर झाला. माझ्या नियोजनाचा असा जयजयकार त्याआधी झाला नव्हता आणि पुढंही नाही.

पण माझ्या डोक्यावरचं संकट तसंच होतं. डॉक्टर पुन्हा येणार होते. राजारामपुरीतल्या घरी पोचलो तो तोंडभर ओरखडे घेऊन. पद्मजा खोबरेल तेल लावायला बसली, आणि माझा धीर सुटला. सगळं सांगितलं. हुकूम, कॅम्प, कोयते, ऊस. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं ओरखड्यांचं नव्हतं.

ती तेल लावायची थांबली.

"अहो, ज्याच्या बायकोचं झालंय त्याला कशाला बोलावतील?"

"कुणाच्या बायकोचं?"

"तुमच्या," ती म्हणाली. "बिद्रीला माहेरी दुसऱ्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हाच माझं ऑपरेशन झालं. न्यायला आलात त्या दिवशी सांगितलं तुम्हाला."

"मला?"

"तुम्ही म्हणत होता, बिद्रीचा थांबा कारखान्याच्या दारात हवा की अलीकडं. मी म्हटलं, माझं ऑपरेशन झालंय. तुम्ही 'हं' म्हणालात. मी म्हटलं, अजून दुखतंय. त्यालाही 'हं' म्हणालात." तिनं बाटलीचं बूच लावलं. "घाबरले होते हो मीही. एकटीच होते."

एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. जिल्ह्यातल्या कुठल्या गावाला कधी काय हवं, हे तोंडपाठ असलेल्या मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं.

"हं," मी म्हणालो.