सुगंधाची नजर

सुगंधाच्या घरी कांदा चिरायचा तो तिच्या नवऱ्यानं. ती रिकामी बसलेली असली तरी त्यानंच. आळीतल्या बायका टोमणे मारायच्या, "राणी हायस का गो तू?" तर ही शांतपणे म्हणायची, "माझं डोळं कंपनीचं हायत. कांद्याला कशी देऊ?"

सख्खा दीर गेला तेव्हा ही गॉगल लावून मयताला उभी. बायका ऊर बडवतायत आणि ही भिंतीला टेकून कोरडी ठणठणीत. सासूनं तिथल्या तिथं उद्धार केला. मी बाजूला घेऊन विचारलं, तर माझ्या कानात सांगते, "काकी, रडलं की दोन दिस नजर गढूळ राहते. उद्या हिरव्याची बॅच हाय."

माझी शेजारीण ही. मुरबाडच्या एमआयडीसीत, शाईच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली तिनं. पेनातली शाई नव्हे हं, प्रिंटरची. केसाहून बारीक भोकांतून तिचा फवारा उडतो म्हणे, म्हणून गाळून गाळून घ्यायची. एक कण राहिला तरी मशीन तुंबलं. नाक्यानाक्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात ना, ते पुढारी असल्याच शाईनं गोरे होतात.

कंपनीच्या कागदावर सुगंधाच्या नावापुढे लिहिलेलं होतं, साफसफाई. झाडूवरच लागली होती. एकदा टाकी पुसता पुसता म्हणाली, "साहेब, आजचा निळा कालच्यासारखा नाय." साहेबांनी तपासलं. नव्हताच. तेव्हापासून बॅच झाली की शाईचा थेंब कार्डावर ओढायचा, वाळवायचा आणि हाक मारायची, "सुगंधाबाई, जरा बघा." ही ते कार्ड खिडकीत जुन्या कार्डाशेजारी धरायची. "पिवळा पाव मग," म्हणायची. रंग मिसळणारा बारकू मगानं मोजून तेवढा ओतायचा आणि साहेब सही करायचे. चार साहेब बदलले. नजर हिची, सही त्यांची, पगार झाडूचा. मी म्हटलं, "अगं, बढती तरी माग."

"मागितली तर म्हणतील शिक्षण दाखव. काय दाखवू, डोळं?"

गावात मात्र हिच्या नजरेचा जाच होता. साडी घ्यायला गेली की एकेक साडी दुकानाबाहेर सावलीत नेऊन बघणार. "दुकानातला उजेड खोटा असतो." माझ्या भाचीला स्थळ आलं, तर मुलाचा फोटो तिरपा धरून म्हणाली, "पोरगा हाय त्याच्याहून दोन मग गोरा छापलाय." पाहुणे आले. मुलगा तीन मग निघाला.

अशी ही नजर, आणि तिलाच मोतीबिंदू व्हावा. भरदुपारी दिवा लाव म्हणायला लागली. ताटातलं वरण आहे की भाताची पेज, ते बोट घालून ओळखायची. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर माझा हात धरून म्हणाली, "कुठं बोलू नको काकी. कंपनीत कळलं तर परत झाडू."

त्यातच एक हिरव्याची बॅच आली. हिला पिवळा कमी वाटला. म्हणाली, घाल. बारकूनं घातला. "अजून घाल." बारकू म्हणाला, "मावशी, लय होतोय गो." ही म्हणाली, "रंग तू बघनार का मी?" त्यानं घातला. माल गेला तसा परत आला. हिरव्याचा पोपटी झालेला. एवढा पिवळा कागदावर कुठं लिहिलेलाच नव्हता. साहेबांनी विचारलं, ओतला कुणी? बारकूनं. त्यानं हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "मी बरोबरच सांगितलेलं." बारकूला त्याच दिवशी काढला.

संध्याकाळी त्या बॅचचं कार्ड घेऊन माझ्याकडे आली. "बघ काकी, हाय का नाय बरोबर हिरवा?" मी मान डोलावली.

चार महिन्यांनी शहापूरच्या डोळ्यांच्या शिबिरात मीच तिला बळंच घेऊन गेले, ऑपरेशन केलं. पट्टी निघाली. घरी आली, जपून ठेवलेल्या जुन्या कार्डांचा डबा उघडला आणि ते कार्ड घेऊन अंगणात बसली. उन्हात धरलं, सावलीत धरलं.

"काकी, ह्यो पोपटी हाय."

"हो गं."

"तुला तवा दिसत होता?"

"दिसत होता."

"मग बोलली का नायस?"

काय सांगू? तुझ्यापुढं रंगाचं कोण बोलणार, असं म्हटलं. खरंच होतं ते. पण मला ते सांगताना बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीपनं कंपनीत गेली. साहेबांना म्हणाली, चूक माझी, बारकूला परत घ्या. साहेबांनी रजिस्टर काढलं. "तुम्ही साफसफाईला. तुमचा बॅचशी संबंध काय? त्याला वाचवायला खोटं बोलू नका, बाई." अठरा वर्षांत तिनं एकही रंग बघितलेला नव्हता. कागदच तसा होता.

तिथून तशीच बारकूच्या पाड्यावर गेली. त्याला सगळं सांगितलं. बारकू हसला म्हणे. "मावशी, मला निदान काढला तरी. तू तर त्यांच्या कागदावर हायसच कुठं?" मग ही कामाला गेलीच नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही.

दिवाळी झाल्यावर बारकू बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला. पाड्यावर त्याची आई एकटी राहिली. हात थरथरतात तिचे, घास तोंडापर्यंत पोचत नाही. सुगंधा रोज संध्याकाळी तिच्याकडे भाकरी घेऊन जाते. काम कुणापायी गेलं ते बारकूनं आईला सांगितलंय, पण तिचं नाव सांगितलेलं नाही. कंपनीतली कुणी बाई येते, एवढंच म्हातारीला माहीत.

एकदा मीही बरोबर गेले. सुगंधा कालवणात भाकरी कुस्करत होती आणि म्हातारीचं तोंड चालू होतं. "माझा पोर तिकडं मातीत मरतोय. त्या रंगवालीनं घास तोडला त्याचा. डोळं फुटलेली मेली!"

"फुटलेलंच होतं आई," सुगंधा म्हणाली. "तुमी खावा."

"म्हातारपणी तिला कोन भाकर घालनार नाय, बघ तू!"

"नाय घालनार," सुगंधा म्हणाली आणि पुढचा घास तिच्या ओठांशी धरला.