ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन

सिंगापूरला क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो त्याच दिवशी लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला विचारलं, "मराठी ना? मग सांगा, ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन विमानाला किती वेळ लागतो?"

ही दोन्ही गावं नॉर्वेच्या पार उत्तरेला आहेत आणि दुसऱ्याच्या पुढे बर्फाखेरीज फारसं काही नाही, हे मला तळमजला येईपर्यंत कळलं होतं. "दोनेक तास?" मी म्हणालो.

"हवेतलं बोलू नका! एक तास चाळीस मिनिटं. अंतर नऊशे साठ किलोमीटर."

हे आगाशेकाका. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला, आता जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात नोकरी. गंमत म्हणजे स्वतः विमानाला जाम घाबरतात. "समुद्रात इंजिन बंद पडलं तर जहाज तरंगतं. वर बंद पडलं तर?" असं विचारून समोरच्याला गप्प करतात. एकदा पुलाउ उबीन बेटावर जाताना त्यांनी बोट चालवणाऱ्या बाईंनाही ट्रॉम्सोचं वेळापत्रक ऐकवलं. बाई म्हणाल्या, "अंकल, आय गो उबीन ओन्ली, लाह!"

"कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत ह्यांना," काकू एकदा म्हणाल्या, आणि मग ह्या वेळापत्रकाचं कारणही त्यांनीच सांगितलं. एकुलती एक मुलगी, मीनल, तिकडे लाँगियरब्येनला बर्फावर संशोधन करते. "जायचं असेल तर जा, पण मला फोन करू नकोस," असं काका बोलून बसले होते. तीही त्यांचीच मुलगी. दोन वर्षं तिने फक्त आईलाच फोन केला. फोन आला की काका शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत.

मागच्या शनिवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका, बनियनवर, हातात मोबाइल, त्यावर विमानं दाखवणारा नकाशा उघडलेला.

"जरा तुमच्या फोनवर बघा हो. माझ्यावर तिचं विमान उलटं चाललंय."

माझ्याही फोनवर ते अर्ध्या वाटेवरून उलटंच चाललं होतं. आम्ही बघत असतानाच नकाशावरून ते नाहीसं झालं. मी काकांना धरून त्यांच्या घरी नेलं. काकू फोन लावत होत्या, लागत नव्हता. "इथून परत पन्नास मिनिटं," काका पुटपुटले. मग पुन्हा, "पन्नास मिनिटं." पुढचा हिशेब त्यांना जमेना. त्यानंतरच्या तासाभरात त्यांनी एकही आकडा उच्चारला नाही.

शेवटी काकूंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, घाबरू नकोस गं. तिकडे धुकं होतं, उतरता येणार नव्हतं, म्हणून परत ट्रॉम्सोला आणलंय. मी मस्त आहे."

काही न विचारता काकूंनी फोन काकांच्या हातात दिला.

काकांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा. आता धावपट्टीची लांबी विचारतात की काय, अशी मला भीती वाटली.

"मीनल," ते म्हणाले, "तिकडे थंडी आहे का गं?"

पलीकडे ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज बदलला. "आहे हो बाबा. थोडी आहे."

काकूंनी मला खूण केली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो आणि बोलणं ऐकू येऊ नये म्हणून नळ मोठा सोडून उभे राहिलो.