अनोळखी होण्याची तालीम

नाबरांचा फोन आला तेव्हा लवू तोरसकर टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभा होता. नाहूरच्या त्या दोन मजली शांतादुर्गा निवासात फोन एकच, पहिल्या मजल्यावरच्या नलिनीकाकूंकडे. आणि काकूंची पद्धत अशी, की निरोप द्यायला जिना चढायचा नाही, खालूनच हाळी द्यायची. त्यामुळे चंद्रप्रकाश नाबर नावाचे प्रकाशक रविवारी चार वाजता बिल्डिंग बघायला येणार, ही बातमी लवूला, रांगेतल्या चौघांना आणि खालच्या वाण्याला एकदमच कळली.

"बिल्डिंग बघायला? विकत घेतायत की काय?" लवूच्या पुढचा दचकून म्हणाला.

लवू रांग सोडून घरी परत आला.

अहो, आठ वर्षं मान मोडून लिहिलेली कादंबरी होती ती! दिवसभर भांडुपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं आणि संध्याकाळी 'सिमेंटचं मौन' लिहायचं. चार प्रकाशकांनी साभार परत केली होती. पाचव्या नाबरांनी मात्र लिहिलं, 'कादंबरी आवडली. परंतु आम्ही अस्सल अनुभवच छापतो. आपण खरोखर अशा इमारतीत राहता काय?' आता इथे शहाण्या माणसाने बेताने उत्तर द्यावं की नाही? लवूने उलट टपाली छातीठोकपणे कळवलं, 'ओळ न् ओळ जगलो आहे. केव्हाही येऊन पाहावे.' घ्या! आता माणूस येत होता.

कादंबरीतली इमारत सात मजली. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही, दारं सदा बंद. नायक खिडकीशी उभा राहून सिगरेटी ओढतो (लवूने जन्मात विडी ओढली नव्हती) आणि शेवटी एकटाच मरतो. तीन दिवसांनी लोकांना कळतं, तेही दारात दुधाच्या बाटल्या साठल्या म्हणून. आणि शांतादुर्गा निवासात? इथे लवू दोनदा शिंकला तर तळमजल्यावरून विचारणा व्हायची, "आल्याचा चहा घेतलास का रे?"

"सरळ सांगून टाक ना, येऊ नका म्हणून," त्याची बायको सुगंधा म्हणाली.

"फोन काकूंकडूनच करायचा ना? त्या शेजारीच उभ्या राहणार. मग मी काय लिहिलंय ते सगळ्यांना कळेल."

"कळलंय," सुगंधा भाकरी उलटत म्हणाली. "तुझी कच्ची वही खालची कमल मघाशी घेऊन गेली. खाली मोठ्याने वाचन चाललंय."

लवू धडाधडा जिना उतरला. खालच्या पडवीत भीमराज वाचत होता आणि सगळी बिल्डिंग ऐकत होती. भीमराज, म्हणजे कमलचा नवरा, पालिकेच्या शाळेत मास्तर आणि दर गणपतीत बिल्डिंगचं नाटक बसवणारा दिग्दर्शक.

"ये, ये. पान एकशे बारावर आलोय," तो म्हणाला. "'ह्या शहरात शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा खोकला.' झकास! कुणाचा रे खोकला?"

"माझो," धोंडूआप्पा अभिमानाने म्हणाले. गिरणीतून निवृत्त झालेले आप्पा लवूच्या भिंतीपलीकडेच राहायचे.

"आणि हे काय लिहिलंस, इथे कुणाला कुणाचं पडलेलं नाही?" भीमराजचा आवाज जरा चढला. "कमल अडली होती तेव्हा भर पावसात टॅक्सी आणायला कोण धावलं होतं? तूच ना?"

"अरे, शहरावर लिहायचं तर असंच लिहावं लागतं यार!" लवू कळवळून म्हणाला. "कुठलंही मासिक उघडून बघ. गाव असलं की आठवण आली पाहिजे, आणि शहर असलं की माणूस एकटा पाहिजे. शेजारीण वालाचं बिरडं घेऊन आली असं लिहिलं तर त्याला साहित्य कोण म्हणेल?"

"बरोबर. सोमवारी वाटीभर बिरडं चाटूनपुसून खाल्लंस ते काय म्हणून खाल्लंस मग?" नलिनीकाकू फणकारल्या.

लवू पायरीवर बसला. त्याला खरंच रडू येत होतं. "काकू, छत्तीस वर्षांचा झालो मी. आता हे पुस्तक नाही निघालं ना, तर पुन्हा पेन धरणार नाही. देवाशप्पथ."

लवू खोटी शपथ घेत नाही हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

"किती वेळाचा प्रयोग आहे?" भीमराजने वही मिटत विचारलं.

"म्हणजे?"

"नाबर किती वेळ थांबणार? तासभर? आम्ही तीन अंकी नाटक बसवतो रे. तासभर अनोळखी व्हायला काय लागतं?"

झालं! बिल्डिंगच्या अंगात वारं शिरलं. नाटक म्हटलं की कोकणातल्या माणसाला तहानभूक लागत नाही आणि भीमराज तर वऱ्हाडातून येऊन त्यांच्यावर कडी करणारा. शुक्रवार-शनिवार रोज संध्याकाळी तालमी झाल्या. जिन्यात समोरासमोर आलं तर मान वळवायची. कुणी हाक मारली तर "आपण कोण?" म्हणायचं. दारं सगळी बंद. ह्या दारांच्या आड जन्म गेला तरी ती दिवसा कधी लागली नव्हती. तीन दारांना तर तेल घालावं लागलं.

एकटे आप्पा अडून बसले. "पुस्तकात मडा आसा ना? तो पार्ट माझो. गावाक दशावतारात चार वर्सां मी मरत होतंय. माझ्यासारखो कोण मरतलो?"

"आप्पा, मढ्याची गरज नाही. तुम्ही दार लावून नुसते पडून राहा."

"बरां," आप्पा म्हणाले, आणि हे 'बरां' भीमराजने जरा नीट ऐकायला हवं होतं.

रविवारी पावणेचार वाजता शांतादुर्गा निवास चिडीचूप झालं. नाबर आले. साठीचे, सडपातळ गृहस्थ, खांद्याला शबनम पिशवी. बंद दारांची ओळ बघून ते थबकले आणि खिशातून छोटी वही काढून त्यांनी काहीतरी टिपलं. मग पहिलंच दार ठोठावलं. ते भीमराजचं.

"तोरसकर कुठे राहतात हो?"

"कोण तोरसकर? आपण कुणाला ओळखत नाही," भीमराज खर्जात म्हणाला आणि त्याने दार लावलं. फार सुंदर जमलं होतं. पण नाबर चार पावलं गेले नाहीत तोच दार पुन्हा उघडलं. "दुसरा मजला, डावीकडनं चौथं दार. आणि चौथी पायरी सोडून चढा, फुटलीय ती. पडाल."

वर लवूने पाहुण्यांना खुर्ची दिली. सुगंधाने चहाचं आधण ठेवलं, दूध ओतलं आणि कपाळाला हात लावला. दूध नासलं होतं.

"राहू द्या वहिनी," नाबर समजुतीने म्हणाले. "शेजारी मागायची सोय नसणारच इथे."

"छे हो, ओळख कुठाय!" लवू म्हणाला.

एवढ्यात गॅलरीच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात आत आला. हातात झाकण ठेवलेलं पातेलं. "हे दूध घ्या. मी कोण ते विचारू नका. साखर आहे ना गं?"

"ह्या कोण?" नाबरांनी विचारलं.

"माहीत नाही," लवू म्हणाला.

नाबरांनी चहा घेतला, मग ते गॅलरीत जरा फिरून येतो म्हणून उठले. शेजारच्या दारापाशी जाऊन मात्र ते एकदम खिळले. दाराबाहेर दुधाच्या तीन बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. लवूच्या काळजात चर्र झालं. आप्पा!

"ह्या बाटल्या... कधीपासून आहेत इथे?" नाबरांचा आवाज पार बदलला होता. त्यांनी दार ढकललं.

आत खाटेवर पांढऱ्या धोतरात आप्पा सरळ आडवे होते. नाकात कापूस, ओठांवर तुळशीचं पान. नाबर दोन्ही हातांनी चौकट धरून उभे राहिले. त्यांची ती अवस्था बघून आप्पांना दया आली. त्यांनी एक डोळा उघडला. "भियाव नकात. तीनच दिवस झाले."

नाबर खाली कोसळले.

मग कसलं मौन आणि कसलं सिमेंट! "अरे, माणूस पडला!" अशी सुगंधाची हाक गेली मात्र, सगळी दारं धाडधाड उघडली. काकू कांदा फोडून आल्या, कमलने पंखा धरला, भीमराजने नाबरांच्या शर्टाची बटणं सोडून पायाखाली उशी सारली. मढं स्वतः नाकातला कापूस काढून तांब्याभर पाणी घेऊन धावलं. तेवढ्यात समोरच्या चाळीतले दहा-बारा पुरुष धापा टाकत वर आले. शांतादुर्गाची दारं दिवसा बंद, म्हणजे कुणीतरी गेलं, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता. एकाने तर येता येता बांबू कुठे मिळतील ह्याचीही चौकशी केली होती. त्याने आडवे पडलेले नाबर पाहिले आणि टोपी काढली.

"वाईट झालं. कधी गेले?"

"गप ए, जिवंत आहेत!" काकू ओरडल्या.

नाबरांनी डोळे उघडले. वर वीस-पंचवीस तोंडं वाकलेली होती. लवूने त्यांचा हात धरला. सगळी वाट लागली होती, आता लपवायचं तरी काय?

"माफ करा. मी खोटं लिहिलंय. ह्यातलं काही मी जगलेलो नाही. ही सगळी माणसं माझी आहेत. मी मनाने रचलं सगळं."

नाबर हळूच म्हणाले, "अडीच दिवस पडून होतो मी. अंधेरीला, माझ्या चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात. गेल्या जानेवारीत पाय घसरला. दारात दुधाच्या दोन बाटल्या झाल्या. दूधवाल्याने तिसरी ठेवली आणि गेला."

"मग आलं कोण?" सुगंधाने विचारलं.

"कुणी नाही. मीच सरपटत बाहेर आलो. मिसेस गेल्या, मुलगी बडोद्याला." त्यांनी लवूकडे पाहिलं. "तुमची कादंबरी वाचली आणि वाटलं, माझ्यासारखा आणखी एक आहे जगात. त्याला भेटावं म्हणून आलो होतो. अनुभव बघायचं नुसतं निमित्त."

लवूने मान खाली घातली. एवढी शरम त्याला चार साभार परत येऊनही वाटली नव्हती.

"अनुभव अस्सल आहे, तोरसकर," नाबर उठून बसत म्हणाले. "फक्त तो तुमचा नाही, माझा आहे. पुस्तक छापतो मी."

बिल्डिंगने असा काही गलका केला की समोरच्या चाळीतल्यांना पुन्हा दचकायला झालं. त्या गलक्यात काकूंनी पेन्सिल काढली होती. "घरी फोन आहे ना हो तुमच्या? नंबर सांगा बघू."

पुस्तक दिवाळीच्या आधी निघालं. लेखकाच्या दहा प्रतींबरोबर नाबरांचं पत्रही आलं. काकूंनी ते वाण्याकडेच फोडलं आणि जिन्यातून मोठ्याने वाचलं:

'पुस्तकाचं स्वागत चांगलं होत आहे. एक विनंती. आपल्या काकू मला रोज सकाळी सात वाजता फोन करतात. चार रिंगांत उचलला नाही तर दुपारपर्यंत भीमराज अंधेरीला हजर. परवा आप्पा आले, ते अजून इथेच आहेत आणि रोज एकदा मरून दाखवतात. दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीची मुद्रितं महिनाभर टेबलावर पडून आहेत. कृपया मला दोन दिवस एकटं राहू द्यावं.'

काकूंनी पत्राची घडी घातली. त्यांचा चेहरा काळजीने उतरला होता.

"अगं बाई, एकटं राहायचं म्हणतायत. तब्येत बरी दिसत नाही. कोण रिकामं आहे रे आज अंधेरीला जायला?"

लवूने नव्या पुस्तकाची प्रत बाजूला ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि बिरड्याचा डबा घ्यायला तो काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या आधी तिथे चौघे रांगेत होते.