साडूने बसवलेलं पातं

गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची खोपटी देऊन त्या बदल्यात आर्विद कोसोनेन बर्फ लोटायचं जुनं पातं घेऊन आला, तेव्हा त्याची बायको हेल्मी आठ महिन्यांच्या लेम्पीला कुस्करलेला बटाटा भरवत होती. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात साडेसात फूट रुंदीचं, रंग उडालेलं, एका कोपऱ्यात चेपलेलं लोखंड उताणं पडलं होतं.

“खोपटी कुठे आहे?” तिने विचारलं.

“दिली.”

“मग तळं गोठल्यावर बसणार कुठे?”

“यंदा बसायचंच नाही. यंदा रस्ता साफ करायचा.”

हेल्मीने चमचा पुन्हा भरला. ती लेम्पीला म्हणाली, “ऐकलंस? बाबा रस्ता साफ करणार.” लेम्पीने तोंडातला बटाटा सावकाश बाहेर ढकलला.

रस्ता म्हणजे त्यांच्या पायरीपासून डांबरी सडकेपर्यंतची दोनशे पावलांची वाट. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला, की एका रात्रीत ती नाहीशी व्हायची. पण गेले चार हिवाळे त्याची काळजी कुणी केली नव्हती, कारण सडकेपलीकडे ओन्नी राउटिओ राहायचा. वय एकाहत्तर, एकटाच. बर्फ पडलं की तो पातं लावलेल्या आपल्या ट्रकने स्वतःची वाट साफ करायचा, तशीच सडक ओलांडून यांची करायचा आणि मान न वळवता परत जायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी आभारही मानत नव्हतं. नाताळात त्याच्या ट्रकच्या सीटवर वेलचीच्या पावाची वेणी ठेवायची. शरदात आपल्या पायरीवर बटाट्यांची बादली दिसली, तर ती कुणाची हे विचारायचं नाही. त्या भागात शेजार याच पद्धतीने चालायचा.

मार्चमध्ये लेम्पी झाली. रात्र-रात्र जागून डोळे सुजलेल्या नव्या बापाला जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल भरून येऊ लागलं. त्या भरात आर्विदने पेट्रोल पंपाचं एक भेटकार्ड विकत घेतलं, आणि सडक ओलांडून ओन्नीच्या हातात दिलं.

“आमच्यासाठी एवढं तेल जाळता, म्हणून,” तो म्हणाला.

ओन्नीने कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं. “मी भाड्याने येतो असं वाटलं का तुला?”

दुसऱ्या दिवशी कार्ड आर्विदच्या ट्रकच्या वायपरखाली होतं. आणि नोव्हेंबरात पहिलं चार बोटं बर्फ पडलं, तेव्हा ओन्नीचा ट्रक आपल्या फाटकापर्यंत आला, थांबला, आणि मागे गेला.

हेल्मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी सात वाजता चाळीस म्हातारी माणसं रिकामे वाडगे पुढे घेऊन बसलेली असायची. ती एवढंच म्हणाली, “ज्या दिवशी मी बर्फामुळे दारात अडकेन, त्या दिवशी लेम्पीला घेऊन एस्टरकडे जाईन. बर्फ वितळेपर्यंत तिकडेच.” एस्टर तिची थोरली बहीण. ती गावात राहायची, आणि तिथले रस्ते गावच साफ करायचं.

हेल्मी धमक्या देत नसे, आधी कळवून ठेवत असे. त्यामुळेच आर्विदची झोप उडाली. लेम्पी नुकती पोटावर सरकायला लागली होती. ती रांगणार, धरून उभी राहणार, पहिलं पाऊल टाकणार, आणि हे सगळं साडूच्या गालिच्यावर होणार. आणि ते आधी पाहणार कोण, तर डेल. हा शेवटचा विचार त्याला सहन होत नव्हता.

डेल ट्रेम्बाथ हा एस्टरचा नवरा. त्याच्याकडे वेल्डिंगचं मशीन होतं, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल मतं होती. घर मात्र दोन खोल्यांचं होतं आणि बाथरूम एकच. हेल्मीचा बेत कानावर येताच तो त्याच शनिवारी मशीन घेऊन हजर झाला.

“तुझी बायको माझ्या बाथरूमच्या रांगेत नको असेल,” तो म्हणाला, “तर हे पातं बसलंच पाहिजे.”

पातं बसत नव्हतं. ते ज्या ट्रकचं होतं, तो ट्रक गंजून मातीला मिळाला होता. आर्विदचा ट्रक वेगळ्या घराण्यातला होता. पात्याच्या कमानीला सहा भोकं, ट्रकच्या सांगाड्याला चार, आणि त्यातलं एकही समोरासमोर येत नव्हतं.

“हे जमत नाही रे,” आर्विद म्हणाला.

“लोखंड आहे. त्याला समजावून सांगावं लागतं,” डेल म्हणाला, आणि त्याने कापायचं यंत्र सुरू केलं.

समजावण्यात दोन शनिवार गेले. पुढचा बंपर काढला. त्याचा एक बोल्ट निघायला अख्खा दिवस लागला, आणि निघाला तो सांगाड्याचा तुकडा बरोबर घेऊनच. तो तुकडा परत जोडताना वायरिंगचा जुडगा वितळला. नवीन वायरी टाकल्या, तर पातं वर घ्यायचं बटण दाबलं की भोंगा वाजू लागला. पातं डावी-उजवीकडे वळवायचा दांडा तेल गाळत होता. शेवटी डेलने तो सरळच वेल्ड करून टाकला.

“वळणार नाही मग?”

“तुझी वाट सरळ आहे ना? मग वळून जायचंय कुठे?”

पातं अखेर बसलं, आणि ट्रकने नाक जमिनीला टेकवलं. मागची चाकं जेमतेम जमिनीवर राहिली.

“मागे वजन पाहिजे,” डेल म्हणाला. “काय आहे?”

होतं ते बर्चचं लाकूड. शेडमधला वाळलेला साठा दोघांनी ट्रकच्या हौद्यात रचला. ट्रक हळूहळू सरळ झाला. त्या संध्याकाळी आर्विद किती तरी दिवसांनी शीळ घालत घरात आला.

“शेगडीत काय घालू?” हेल्मीने विचारलं.

शेडमध्ये आता फक्त ओलं लाकूड उरलं होतं. आर्विद बाहेर गेला आणि ट्रकमधून एक मोळी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दोन आणल्या. थंडी वाढत गेली. घर जसजसं उबदार होत गेलं, तसतसं ट्रकचं नाक खाली जात राहिलं. आर्विद रोज सकाळी पट्टीने पात्याची उंची मोजायचा आणि संध्याकाळी शेगडीपुढे अपराध्यासारखा बसायचा.

“आणखी एक ओंडका घाल. लेम्पीचे पाय गार आहेत,” हेल्मी म्हणायची.

“आता सहा इंचच राहिलीत गं.”

“कसली?”

“काही नाही.” आणि तो ओंडका घालायचा. लेम्पीचे पाय त्याच्या तळहाताएवढेही नव्हते. त्यांच्यापुढे ट्रक कसा जिंकणार?

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दार उघडलं, तर समोर कमरेएवढं बर्फ. हेल्मी कोट घालून तयार होती. तिच्या हातात लेम्पी होती आणि खांद्याला एक मोठी पिशवी. पिशवीतून लेम्पीच्या लोकरी सशाचे कान डोकावत होते. आर्विदने ते पाहिलं आणि ट्रककडे धाव घेतली.

ट्रक सुरू झाला. भोंगा वाजला, पातं वर गेलं. भोंगा वाजला, पातं खाली आलं. आणि बर्फ खरोखर हललं. पुढ्यात पांढरा ढीग लोटत आर्विद वाटेवरून असा निघाला, की त्याचं त्यालाच खरं वाटेना. मागे हेल्मीची गाडी साफ वाटेवरून येत होती. पन्नास पावलं झाली, शंभर झाली. चार वर्षं आपण दुसऱ्याच्या जिवावर का काढली, असाही एक विचार मनात येऊन गेला.

सडक जवळ आली तसा त्याने ब्रेक दाबला. आदल्या रात्री कडाक्याची थंडी होती, आणि हौद्यात आता अकरा ओंडके उरले होते. मागची चाकं थांबली, ट्रक थांबला नाही. पातं सरळ असल्यामुळे दोनशे पावलांचं बर्फ बाजूला न पडता पुढेच साठत आलं होतं. तो सगळा डोंगर घेऊन ट्रक सडकेवरून घसरत गेला, आणि त्याने तो ओन्नीच्या फाटकात नेऊन ठासून भरला. नाक डोंगरात आणि शेपूट सडकेच्या मधोमध, असा तो थांबला. भोंगा अडकून वाजतच राहिला.

आपलं बर्फ सडकेपलीकडे लोटायचं नाही, हे तिथल्या पोरांनाही न शिकवता कळतं. आर्विद स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. उजवीकडून सरकारी बर्फगाडी आली. वाट अडलेली पाहून चालकाने इंजिन बंद केलं आणि थर्मासचं झाकण उघडलं. मागे हेल्मी लेम्पीला कडेवर घेऊन गाडीतून उतरून उभी होती. पिशवी गाडीतच होती.

डोंगराच्या माथ्यावर एक टोपी दिसली. मग ओन्नीचा चेहरा आणि त्याचं फावडं.

“हे बर्फ तुझं का?” त्याने विचारलं.

“हो,” आर्विद म्हणाला.

“बरंच आहे.”

ओन्नी पलीकडून घसरत खाली आला. त्याने खिडकीतून हात घालून एक वायर उपटली. भोंगा बंद झाला.

“मागे घे.”

आर्विदने पाय दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि धूर निघाला.

“पाय उचल. ट्रक घाबरलाय तुला,” ओन्नी म्हणाला. मग त्याची नजर हेल्मीच्या गाडीतल्या पिशवीवर गेली. “कुठे निघालीस?”

“बहिणीकडे. बर्फ वितळेपर्यंत,” हेल्मी म्हणाली.

ओन्नी बराच वेळ सशाच्या कानांकडे पाहत राहिला. एवढा वेळ तो एका गोष्टीकडे सहसा पाहत नसे.

“मूल इकडे दे,” तो म्हणाला. “तू बस स्टिअरिंगवर. आणि तू,” हे आर्विदला, “मागे चढ. तुझंच वजन उपयोगाचं आहे. ए, थर्मासवाल्या, तू पण चढ.”

आर्विद आणि सरकारी चालक हौद्यात, अकरा ओंडक्यांवर, शेजारी शेजारी बसले. चालकाने त्याला झाकणभर कॉफी दिली. ओन्नीच्या कोटाच्या बटणांमधून लेम्पीचं लाल टोपडं बाहेर आलं होतं, आणि ती त्याच्या हनुवटीचे खुंट ओढून पाहत होती.

“थोडं थोडं. बाळाला हलवतेस तसं,” ओन्नीने सांगितलं.

हेल्मीने ट्रक अंगठ्याएवढा मागे घेतला. पुन्हा पुढे, मग पुन्हा मागे. तिसऱ्या झोक्याला तो सुटला. ओन्नी फावड्याने दाखवत गेला आणि ती डोंगराचे लचके तोडून मागे ओढत आपल्या बाजूला, कुंपणाच्या कडेला रचत गेली. अर्ध्या तासात फाटक मोकळं झालं. सरकारी गाडी निघून गेली. हेल्मीने वृद्धाश्रमात फोन करून सांगितलं, की आज लापशीला उशीर होईल. मग आर्विदकडे न पाहता म्हणाली, “पिशवी आत नेऊन ठेव. मी ट्रकने एक फेरी मारून येते.”

आर्विदने पिशवी छातीशी धरून आत नेली. ससा पाळण्यात ठेवला, आणि खुर्चीवर बसून डोळे पुसले. ते कुणी पाहिलं नाही.

ती फेरी मारून आली ती नऊ वाजता. दुसऱ्या दिवशी आर्विदला जाग आली, तेव्हा बिछान्याची दुसरी बाजू गार होती आणि खिडकीबाहेर पातं घरघरत होतं. हेल्मीने आपली वाट काढली, मग ओन्नीची काढली, आणि मान न वळवता पुढच्या घरातल्या विधवा बाईंच्या वाटेकडे वळली. तिथून तशीच आश्रमात गेली. ओन्नीला करण्यासारखं काहीच उरलं नाही. तो आर्विदच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. लेम्पी दोघांच्या मधे गालिच्यावर रांगायला लागली. दोघे तिला पाहायचे, आणि मग खिडकीकडे पाहायचे.

“कधी येईल?” ओन्नी विचारायचा.

“काल अकराला आली.”

“हं.”

जानेवारीत एका सकाळी हेल्मी आत आली. गाल लालबुंद, पापण्यांवर बर्फ. लेम्पीला उचलून तिने तिचं नाक आपल्या थंड गालाला लावलं. लेम्पी खिदळली.

“आश्रमात सांगून आले,” ती पावाचा तुकडा तोडत म्हणाली. “यापुढे मला संध्याकाळची पाळी. सकाळी सात घरं झालीत आता. डेलच्या अंगणातली वाटही माझ्याकडेच आली, त्याचं बर्फ उडवायचं मशीन बंद पडलंय.”

“मग तू घरी कधी असणार?” आर्विदने विचारलं.

हेल्मीने खरोखर विचार केला. तेवढ्यात बाहेर पुन्हा भुरभुरायला लागलं. मायलेकी एकमेकींच्या गालाला गाल लावून, सारख्याच आनंदाने, खिडकीबाहेर पाहत राहिल्या. ओन्नीने न विचारता आर्विदच्या कपात कॉफी ओतली.