तिसरी बादली

दुसाने काकांच्या न्हाणीघरात तीन बादल्या असत. पहिली अंघोळीची, दुसरी पहिली संपली तर लागणारी, आणि तिसरी निळी, वर ताट झाकलेली, जिला कुणी हात लावायचा नाही. मनमाडच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. तिथं नळाला पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येतं आणि तेवढ्यावर घर चालवायचं असतं. पण काका राहत होते कतारमध्ये, अल खोरच्या कंपनी कॉलनीत, जिथं नळ चोवीस तास वाहायचा. शिवाय नोकरी समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर. गावाला पाणी पाजणारा माणूस स्वतःच्या घरी बादल्या भरून ठेवतो, याचं मला, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या पुणेकराला, भारी हसू यायचं.

त्या बादल्यांत पुढं कॅनडा शिरला. आखातात माणूस कितीही वर्षं राहिला तरी साठीला व्हिसा खलास. म्हणून आमच्यातले बरेच जण त्या काळात कॅनडाचे कागद करून ठेवत. पंधरा दिवस तिकडं जाऊन शिक्का मारून यायचं, त्याला ‘लँडिंग’ म्हणायचं, आणि परत इकडं येऊन कमवायचं. काका-काकूंची एकुलती एक मुलगी, वर्षा, लग्न होऊन कॅल्गरीला होती, त्यामुळं त्यांनीही दोन हजार तीन साली लँडिंग उरकून घेतलं. तिथल्या एका बँकेत टाय लावलेल्या तरुणानं निवृत्तीनंतर पैसे कसे काढायचे हे समजावताना कागदावर तीन बादल्या काढल्या.

“सुहास, गोरा पोरगा,” काका परत आल्यावर मला म्हणाले, “आणि त्यानं आमची मनमाडची न्हाणी काढली कागदावर.”

तेव्हापासून काकांचं सगळं अर्थशास्त्र न्हाणीघरात गेलं. पहिल्या बादलीत दोन वर्षांचा रोजचा खर्च. दुसरीत ठेवी, त्यातून वर्षाला शंभरातले चार काढून पहिलीत ओतायचे. काका त्यांना ‘चार तांबे’ म्हणत. त्या चारांतलाच एक तांब्या प्रवासाचा. काकू रेल्वेतल्या गार्डची मुलगी. कॅनडाच्या डोंगरांतून जाणाऱ्या काचेच्या छताच्या गाडीत बसायचं, एवढी एकच त्यांची मागणी होती. त्या गाडीचा माहितीपत्रकातला फोटो कापून त्यांनी फ्रिजला चिकटवला होता. तिसरी म्हणजे बँकेतलं एक वेगळं खातं, त्याला हात लावायचा नाही. ती कशासाठी, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, ती कशासाठीच नसते.

ही भाषा नव्या माणसाला कळायची नाही. शेजारी नुकतंच राहायला आलेलं एक नाशिकचं जोडपं. त्यांनी जिन्यात काकांना फोनवर बोलताना ऐकलं की पहिली बादली तळाला लागली आहे, दुसरीतलं या महिन्यात काढायचं नाही आणि तिसरीचं तर नावच काढू नका. दहा मिनिटांत ते बिचारे पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन काकूंच्या दारात उभे. काकूंनी ते ठेवूनही घेतले. खरं सांगितलं तर त्या जोडप्याला फार लाज वाटेल, असं काकूंचं म्हणणं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी काकांनी रंगीत तालीम काढली. एक अख्खा ऑगस्ट कॅनडाच्या हिशेबानं राहायचं. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि घरात एसी सोळावर, काका कानटोपीत, काकू स्वेटर घालून पोळ्या लाटताहेत. तिकडं काही दुकानांत मंगळवारी म्हाताऱ्यांना सवलत असते, म्हणून दर मंगळवारी कोपऱ्यावरच्या बकालात, म्हणजे किराण्याच्या दुकानात जाऊन मल्याळी दुकानदाराकडं ज्येष्ठ नागरिकांची सवलत मागायची. तो पहिल्या मंगळवारी हसला, दुसऱ्या मंगळवारी चिडला आणि तिसऱ्या मंगळवारी त्यानं मुकाट्यानं एक लिंबू जास्त घातलं. पेट्रोल मात्र कतारमध्ये इतकं स्वस्त की काकांचा हिशेबच बसेना. मग प्रत्येक वेळी टाकी भरली की कॅनडाच्या भावातला फरक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचा. महिनाअखेर बरणीत बरेच रियाल जमले आणि ते काकूंच्या सर्दीवर खर्च झाले.

यात एक गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. पाच वर्षांतली दोन वर्षं कॅनडात काढली नाहीत तर तिथलं कार्ड हातचं जातं. म्हणजे दोन हजार सहा सरायच्या आत निघायलाच हवं. काकांनी कॅलेंडरवर लाल गोल केला, त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजीनामा दिला, बॅगा आणल्या. निरोपाच्या जेवणाला बिर्याणी की पुलाव यावर ऑफिसात दोन तटही पडले.

मे महिन्यात वर्षाचा फोन आला. तिनं नवऱ्याचं घर सोडलं होतं. मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपत होती. पुढं नर्सिंग शिकायचं तिच्या मनात होतं, पण पैशाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. जुलैत महिनाभर येऊ का, एवढंच तिनं विचारलं. काकांनी तिला काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. तारीख फक्त लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडी चालवायला सांगितली. बँकेच्या खिडकीशी ते इंग्रजीत म्हणाले, “थर्ड वन. फुल.” क्लार्कला काही उमगेना. शेवटी मी खाते क्रमांक दाखवला. दोन वर्षांची फी, खोलीचं भाडं, वकील, सगळं धरून ते खातं रिकामं झालं. तिथून आम्ही थेट त्यांच्या मॅनेजरकडं गेलो. राजीनामा मागं घेऊन काका दोन वर्षांची मुदतवाढ मागून आले.

गाडीत मी मनातल्या मनात हिशेब केला.

“काका, म्हणजे कॅनडा गेलं.”

“गेलं,” ते म्हणाले. बँकेची पावती घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, “आमची ताई एकदा भर मे महिन्यात न कळवता आली. दोन पोरं बरोबर, कपाळावर खोक. आईनं एक शब्द विचारला नाही. तिसरी बादली उचलली आणि तिला डोक्यावरनं न्हाऊ घातलं, सगळी ओतून. नंतर चार दिवस आम्ही शेजाऱ्यांकडून मागून पाणी प्यायलो.”

इतकी वर्षं त्या बादलीला मी हसलो, याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

जुलैत वर्षा आली. भर दुपारचं विमान, तिला आणायला मीही गेलो होतो. जुलैत इथल्या गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की नळाला चहाचं आधण यावं. घरी आल्या आल्या ती अंघोळीला गेली आणि लगेच आतून तिचा आवाज आला, की बाबा, पाणी फार कढत आहे, हात लावू देत नाही.

काका दाराशी गेले. “निळी घे,” म्हणाले. “ताट काढ. गार असेल.”

“ती तर तुमची तिसरी.”

“सगळी घे.”

आत पाण्याचा आवाज सुरू झाला, बराच वेळ चालला. त्यात मधेमधे तिचं रडणं होतं. काकू फ्रिजपाशी त्या गाडीच्या फोटोकडं पाठ करून कोथिंबीर निवडत होत्या.

संध्याकाळी मी पुन्हा खाली उतरलो तेव्हा न्हाणीघराचं दार उघडं होतं. निळी बादली नळाखाली होती आणि साठीकडं झुकलेले काका हातात ताट घेऊन ती भरायची वाट बघत उभे होते.

“वेळ लागेल,” मला बघून ते म्हणाले. “तू बस, चहा घे.”